शेवटची धार वासराची

माझ्या सासरी दूध काढण्याचा एक कायदा होता. पहिली धार धरतीची, शेवटची वासराची, मधलं ते घरचं. गाईखाली बसलं की प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा जमिनीवर सोडायच्या, आणि कासेत थोडं दूध शिल्लक असतानाच भांडं बाजूला घेऊन वासराचं दावं सोडायचं. हा कायदा मोडायची कुणाची छाती नव्हती, कारण तो सासूबाईंचा होता. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. गावातले बरेच लोक त्या समोरून येताना दिसल्या की त्यांना काहीही न म्हणता गल्ली बदलत असत.

मी धुळ्याकडची. स्वातंत्र्यानंतर दोन-चार वर्षांत माझं लग्न झालं आणि मी भुसावळच्या पुढे, केळीच्या मुलखात आले. आमच्याकडे कोरडवाहू जमीन, बाजरी आणि भुईमूग. इथे विहिरींवर मोटा चाललेल्या आणि बांधापर्यंत केळीच केळी. बोलीसुद्धा वेगळी. मी बोलता बोलता 'आहे'च्या जागी 'शे' म्हटलं की विहिरीवरच्या बाया पदरात तोंड घालून हसायच्या. मलाही नाकावर राग घेऊनच देवाने पाठवलेलं, त्यामुळे मी मुद्दाम आणखी दोनदा 'शे' म्हणायचे.

वडिलांनी, म्हणजे आमच्या नानांनी, मला गाय आंदण दिली होती. गुजरातेतल्या गुराख्यांकडून घेतलेली, गीर वळणाची, तांबडी, कपाळ पुढे आलेलं आणि कान हनुवटीच्या खाली लोंबणारे. वऱ्हाडाबरोबर तिला आणणं जमलं नाही, म्हणून लग्नानंतर नाना स्वतः तिला चालवत घेऊन आले. पारोळा, एरंडोल, गिरणा ओलांडून जळगाव, मग भुसावळ आणि मग आमचं गाव. गाडीने येता आलं असतं, पण गाईला पायाखालची वाट कळली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

धुळीने पांढरे झालेले नाना अंगणात आले आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. त्यांनी हात आडवा केला.

"अंडेरना घरनं पानी चालत नही, बेटा."

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरच्या अन्नपाण्याला शिवायचं नाही, ही रीत. पुष्कळ घरांत ती तेव्हाच सैल झाली होती, नानांच्या घरात नव्हती. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून स्वतःचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढला आणि वाटेतल्या कुठल्याशा विहिरीवर भरलेलं कोमट पाणी माझ्या डोळ्यांदेखत प्यायले. मग गाईच्या पाठीवरून हात फिरवून मला म्हणाले, "गाय बोलत नही. तिन्हं दूध बोलस. तू ऐकत जा."

त्यानंतर दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते मला माहेरी न्यायला यायचे. अंगणातल्या बाजेवर बसायचे, फडक्यात बांधून आणलेली भाकरी खायचे, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचे आणि मला घेऊन निघायचे. माझी कूस काही लवकर उजवली नाही. पुढे लेकरं झाली, घर डोक्यावर घेण्याइतकी झाली, पण त्या वर्षांत तो तांब्या दिसला की मी काहीतरी काम काढून आत जायचे. कुणी मला काही बोलावं लागत नव्हतं, तांब्याच बोलायचा.

आंदण आलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. आत्याबाईंनी ते पहिल्याच दिवशी मोजले. दात चांगले निघाले, म्हणून त्या दुधाकडे वळल्या. गाय व्याली तेव्हा चिकाचे दिवस सरल्यावर त्यांनी दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर ठेवला आणि नख तिरकं केलं. चांगल्या दुधाचा थेंब नखावर बसून राहतो. आमच्या गाईचा थेंब घसरून मनगटाकडे गेला.

"तुह्या बापानं कानं देले, दूध काही देलं नही," त्या म्हणाल्या. "हे तं पातय पानी हाये."

हे वाक्य विहिरीवर माझ्या आधी पोहोचलं. आमच्या घरात म्हैस होती, तूप म्हशीचं, मान म्हशीचा, सरकी आणि ढेपही आधी म्हशीच्या पुढ्यात. गाय ठेवायची ती बैलांसाठी. पण लांब कानाच्या गाईचे गोऱ्हे औताला ढिले, असा इकडे समज. म्हणजे दूध पातळ आणि गोऱ्हा ढिला, तर गाय ठेवायची कशाला? दुसऱ्या वेताला गोऱ्हा झाला तेव्हा आत्याबाई आणि आमचे हे बोलले की कपाशीची वेचणी उरकली की मायलेकरांना बाजार दाखवायचा. मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्या दिवशी ताक इतक्या जोरात घुसळलं की रवीची दोरी तुटली.

गाय विकली गेली असती तर आखाजीला नाना आल्यावर त्यांना मोकळा खुंटा दाखवावा लागला असता मला. ज्या गाईला ते पायी घेऊन आले तिचा मोकळा खुंटा. आणि वर त्यांना सांगायचं की तिचं दूध बोललं, पण जे बोललं ते चांगलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात गुरांचे डॉक्टर गावात आले. सरकारने गावोगाव चांगले वळू द्यायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी चांगल्या गाईंचे गोऱ्हे हवे होते. डॉक्टर सायकलवर, मागे लाकडी पेटी बांधलेली, देशावरचे होते आणि आमची बोली कपाळाला आठ्या घालून ऐकायचे. त्यांनी आमचा गोऱ्हा पाण्यावर पाहिला आणि त्याच्या मागे मागे आमच्या अंगणात आले.

"गोऱ्हा छान आहे," ते म्हणाले. "पण नुसता देखणा असून चालत नाही. वळूच्या अंगातलं दूध दिसत नसतं, ते त्याच्या आईच्या दुधात बघावं लागतं. तिच्या दुधात लोणी किती आहे ते मी मोजतो. चांगलं निघालं तर हा गोऱ्हा सरकार नेईल, वाढवेल आणि या भागातल्या गावांना वळू म्हणून देईल. अशी गाय मग कुणी विकत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. मी मात्र दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

आत्याबाईंना दूध तपासणं अजिबात पसंत नव्हतं. दुधावर परक्याची नजर पडू नये म्हणून त्या गोठ्यातून घरात येतानाही भांड्यावर पदर धरत. आणि हा माणूस दूध काचेत घालून उजेडापुढे धरणार होता! पण सरकारी माणसाला नाही म्हणता येईना. त्यांनी एवढंच केलं, चुलीतला एक कोळसा आणून डॉक्टरांच्या काचसामानाशेजारी ठेवला. डॉक्टरांनी कोळशाकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं आणि तो हलवला नाही. पेटीतली प्रत्येक वस्तू त्या कोळशाला सांभाळून मांडली. मला तेव्हाच तो माणूस आवडला.

मी नेहमीसारखं दूध काढलं. डॉक्टरांनी त्यातलं मोजून घेतलं, अरुंद मानेच्या काचनळीत आधी जळजळीत तेजाब, मग दूध, असं काय काय घातलं, नळी हाताने फिरवायच्या चक्रात ठेवून गरगरा फिरवली आणि मग गरम पाण्यात उभी केली. नळीच्या मानेवर खुणा होत्या. लोणी वितळून वर येतं आणि जिथपर्यंत चढतं तेवढी दुधाची ताकद, असं त्यांनी समजावलं. आम्ही सकाळभर घुसळून जे काढायचो ते या माणसाने चार फेऱ्यांत काढलं, म्हणून आत्याबाईसुद्धा जवळ येऊन पाहू लागल्या.

पिवळी रेघ चढली आणि खालच्या खुणांपाशीच थांबली.

"पातळ आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं. "गीर गाईचं इतकं पातळ नसतं. पण आहे."

आत्याबाई 'मी म्हनतच व्हती' असं म्हणतील म्हणून मी कान टवकारून उभी होते. उत्तरही तयार ठेवलं होतं. त्या मात्र कोळसा उचलून आत गेल्या. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर परत आले. रात्रभर एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती, म्हणाले. दूध जर इतकं पातळ, तर ते पिऊन गोऱ्हा असा तुकतुकीत कसा? "वहिनी, तुम्ही दूध काढा. मी नुसता बघत बसतो."

मी गाईखाली बसले आणि पहिल्या धारा जमिनीवर सोडू लागले. त्यांनी लगेच थांबवलं. का सोडता, विचारलं. मी सांगितलं, धरतीची धार. त्यांनी पेटीतून काळं फडकं काढलं, पेल्यावर ताणलं आणि म्हणाले, आज धरतीच्या आधी याच्यावर सोडा. तीन सडांचं दूध फडक्यातून सरळ खाली गेलं. मागच्या उजव्या सडाचं गेलं तेव्हा काळ्या फडक्यावर पांढरे बारीक कण राहिले, फाटलेल्या दुधासारखे. त्यांनी त्या सडाचा थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला आणि लगेच थुंकला.

"खारट आहे. या सडाला आजार सुरू झालाय. गाय दूध काढताना पाय उचलते का?"

उचलायची. महिनाभर उचलत होती, एकदा मला लाथ लागलीही होती. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं म्हणून मी मांडी चोळत बसले होते. ते लाथ मारणं नव्हतं, ठणकत होतं बिचारीला. आणि जे कण आम्हाला दिसायला हवे होते ते आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ भक्तिभावाने मातीत मिसळत होतो.

डॉक्टरांनी मला पुढे दूध काढायला सांगितलं. भांडं भरत आलं तसं मी नेहमीप्रमाणे उठले आणि गोऱ्ह्याच्या दाव्याला हात घातला.

"थांबा, वहिनी. कासेत दूध आहे अजून."

"ते वासराचं."

डॉक्टर कपाळावर हात मारून हसायला लागले. हसणं आमच्यावर नव्हतं, स्वतःवर होतं. लोणी सगळ्या दुधात सारखं नसतं, त्यांनी सांगितलं. सुरुवातीचं दूध पाणचट असतं, लोणी येतं ते शेवटच्या धारांत. "काल मी तुमच्या गाईचं दूध तपासलंच नाही. तिचं अर्धं उत्तर गोऱ्ह्याच्या पोटात होतं, आणि मी ते नळीत शोधत बसलो."

आजाराचं जमिनीला, लोण्याचं वासराला, आणि घरात आणून नखावर ठेवायला मधलं तेवढं. एवढ्यावर आम्ही गाईची परीक्षा करत आलो होतो. मला हसावं की रडावं कळेना.

सड बरा झाल्यावर सगळं दूध काढून पुन्हा तपासू, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर आत्याबाई दारातूनच बोलल्या. "शेवटची धार मिळायची नही, भाऊ. माह्या सासूनं घेतली नही, मी घेतली नही. मुक्या जनावराच्या तोंडचं काढून मले काही पाह्याचं नही."

डॉक्टर वाद घालत बसले नाहीत. सडात औषध सोडलं, कास कशी शेकायची आणि तो सड वरचेवर रिकामा कसा करायचा ते दाखवलं, काळं फडकं आमच्याकडे ठेवलं आणि गेले. आजही वाटतं, त्या दिवशी त्यांनी सरकारी आवाज लावला असता तर आत्याबाईंनी गोठ्याचं दार कायमचं लावून घेतलं असतं.

कास शेकायला दोघी लागायच्या. मी गाय धरायची, आत्याबाई गरम फडकं लावायच्या. आम्ही दोघी इतका वेळ एकमेकींजवळ लग्न झाल्यापासून बसलो नव्हतो. रोज सकाळी त्या स्वतः पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घ्यायच्या, उजेडात नेऊन पाहायच्या आणि मग फडकं जमिनीवर पिळायच्या, धरतीचं धरतीला. कण कमी होत गेले. एका सकाळी फडकं कोरं निघालं. ते त्यांनी उजेडात दोनदा उलटून पाहिलं.

"माही काई गाय अशीच आटली व्हती," त्या म्हणाल्या. काई म्हणजे काळी. "मी म्हनलं, शेजारनीची नजर लागली. तिच्या घरचं कुकू नही लावलं मी तेव्हापासून."

त्या दिवशी दुपारी त्या लोटाभर ताक घेऊन शेजारी गेल्या. तिथे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. परत आल्या तेव्हा कपाळावर कुंकू ताजं होतं.

डॉक्टर ठरल्याप्रमाणे आले. त्यांनी शेवटच्या धारेची गोष्ट काढलीच नाही, नळ्या मांडत बसले. मी भांडं घेऊन निघाले तर आत्याबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं. आधी त्या गोऱ्ह्याकडे गेल्या. त्याच्यापुढे गूळ घालून शिजवलेल्या बाजरीच्या कण्यांची परात ठेवली, त्याच्यासमोर हात जोडले आणि म्हणाल्या, "आजच्या दिवस मले दे, बाबा. तुह्या मायच्या नावासाठी मागते." मग पदर खोचून गाईखाली बसल्या आणि चारही सड शेवटच्या थेंबापर्यंत रिकामे केले. गाय जागची हलली नाही.

या वेळी मला ओसरीवर थांबवेना. मी आत जाऊन उगाच पीठ चाळत बसले. चक्राची घरघर थांबली आणि डॉक्टरांनी हाक मारली. पिवळी रेघ पहिल्या वेळच्या खुणा मागे टाकून वर चढली होती, दिवाळीतल्या तुपाच्या रंगाची. डॉक्टर म्हणाले, या तालुक्यात त्यांनी पाहिलेलं हे सगळ्यात सकस दूध. गोऱ्हा वळू म्हणून घेतला. आखाजी झाली की माणूस येऊन नेईल, गायही जपा, तिच्या कालवडी विकू नका.

आत्याबाईंनी नळी हातात घेऊन पाहिली. नखावर ठेवायला तिच्यातून काही निघणार नव्हतं.  संध्याकाळी मी गोठ्यात गेले तेव्हा म्हशीच्या घमेल्यातली अर्धी सरकी गाईपुढे ठेवलेली होती.

आखाजीच्या आधी नाना आले. खुंट्याशी गाय होती, शेजारी गोऱ्हा होता. त्यांनी दोघांच्या अंगावरून हात फिरवला, बाजेवर बसले आणि पिशवीतून तांब्या काढला. मी दूध-नळ्यांची सगळी हकिकत सांगितली. ते मान हलवत ऐकत होते, "आस्सं शे का," म्हणत होते. तेवढ्यात आत्याबाई पितळी पेला घेऊन गोठ्याकडे गेल्या. दुपारची वेळ, दूध काढायची नव्हे. नेहमीप्रमाणे सकाळी मागे ठेवलेलं आणि गोऱ्ह्याने पिऊनही उरलेलं काय होतं ते त्यांनी पेल्यात घेतलं आणि नानांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, पेला पुढे केलेला.

"हे घ्या, भाऊ."

नाना उठून उभे राहिले. "इहीनबाई, तुम्हले माहीत शे. अंडेरना घरनं…"

"अंडेरच्या घरचं नही हे," आत्याबाई म्हणाल्या. "शेवटची धार आमच्या घरात कधीच आली नही. ती वासराची, अन् वासरू तुमच्या गाईचं. मी त्याले इचारून आनलं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण डोळ्यांतलं पाणी त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. दुधाचा पेला ओठाला लागल्याचा आवाज आला. ते सावकाश प्यायले, सगळं प्यायले, मिशा पुसल्या आणि रिकामा पेला दोन्ही हातांनी परत दिला. आत्याबाईंनी तो घेतला आणि नेहमीच्याच चढ्या आवाजात मला म्हणाल्या की गाडीची वेळ झाली, उभी काय राहिलीस.

त्या बाईने मला जन्मात एकदाही शाबास म्हटलं नाही. म्हणायची गरज राहिली नव्हती. त्यांचे आणि त्या सायकलवरच्या डॉक्टरांचे उपकार मी कुठे ठेवू असं मला अजून वाटतं.

मी आणि नाना स्टेशनच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंनी केळी, पाटाला पाणी सुटलेलं. बरंच पुढे आल्यावर माझ्या लक्षात आलं की नानांची पिशवी हलकी आहे. तांब्या बाजेखालीच राहिला होता.

"नाना, तांब्या ऱ्हायना. मी पळत जाऊन आणते."

ते थांबले नाहीत.

"ऱ्हाऊ दे, बेटा," ते म्हणाले. "तठे पानी शे आते."